तगाई ते हप्ता : मोहोळ तालुक्यात सरकारचा पैसा कसा येत गेला, आणि कुणापर्यंत आला नाही

मोहोळकर मित्रांनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

दर चार महिन्यांनी आपल्याकडं पारावर, हॉटेलात, एसटीत एकच प्रश्न ऐकू येतो. "हप्ता पडला का?" कुणाचा पडलेला असतो, कुणाचा केवायसीत अडकलेला असतो, कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नसतं. मग चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, सरकारनं शेतकऱ्याला भरभरून दिलं. दुसरा म्हणतो, दोन हजाराची भीक देऊन हजारो काढून घेतात. निवडणूक जवळ असली की आवाज वाढतो, आणि शेवटी कुणाचंच समाधान न होता सगळे उठतात.

मला या भांडणात एक गोष्ट खटकते. सरकारनं शेतकऱ्याला पैसे द्यायला २०१९ साली सुरुवात केली, असंच दोन्ही बाजू धरून चालतात. तसं नाही. या मातीत सरकारी मदतीचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. तिचं रूप दर पिढीला बदललं. कधी ती कर्ज म्हणून आली, कधी खडी फोडायची मजुरी म्हणून, कधी कर्जमाफी म्हणून, आता मोबाईलवर मेसेज म्हणून येते. रूप बदललं, पण एक गोष्ट फारशी बदलली नाही. कागदावर ज्याचं नाव, त्याला मदत. ज्याचं नाव नाही, तो बांधाच्या पलीकडं. हेच आज जरा तपशिलात सांगायचं आहे.

*तगाईचा काळ*

आमच्या घरात आजोबांनी "तगाई" हा शब्द शेवटपर्यंत वापरला. सोसायटीचं कर्ज असलं तरी ते त्याला तगाईच म्हणायचे. शब्द जुना आहे, मराठेशाहीतही होता. गाव उजाड झालं, बैल मेले, बियाणं संपलं की रयतेला पुन्हा उभं करायला तगाई द्यायची आणि पडीक जमिनीवर पहिली काही वर्षं सारा कमी घेऊन तो हळूहळू वाढवत न्यायचा. त्याला इस्तावा म्हणत. यात दयाधर्म कमी, हिशोब जास्त. रयत जगली तर सारा येईल, एवढं साधं.

इंग्रज आले तेव्हा साऱ्याची बांधणी पक्की झाली, ठरलेला सारा रोख भरायचा. पीक आलं नाही तरी सारा ठरलेला, मग शेतकरी सावकाराकडं. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, रोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, नगर आणि आपला सोलापूर, या चार जिल्ह्यांसाठी तो होता. रोख्यावर लिहिलेली रक्कम खरी आहे का, हे कोर्टानं खोलात जाऊन बघावं, अशी त्यात सोय होती. मग १८८३ साली जमीन सुधारणेसाठी आणि १८८४ साली बी-बियाणं, बैल यासाठी तगाईचे दोन स्वतंत्र कायदे झाले.

तगाई मिळायची, पण जमिनीच्या तारणावर किंवा जामीन देऊन. अर्ज, चौकशी, शिफारस, मंजुरी. पेरणीची वेळ निघून जायची. १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली, तिचा अहवाल १९५४ साली आला. त्यात काय निघालं? शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सरकारचा वाटा ३.३ टक्के आणि सहकारी संस्थांचा ३.१ टक्के. सुमारे सत्तर टक्के कर्ज सावकारांचं. कायदा होऊन जवळपास सत्तर वर्षं झाली होती, आणि तगाईची पोच एवढीच.

*दुष्काळ आणि आष्टीचा तलाव*

आष्टीचा तलाव आपण सगळ्यांनी बघितला आहे. पण तो कशातून उभा राहिला, हे किती जणांना माहिती आहे? १८७६-७७ चा दुष्काळ पडला आणि मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांना त्याची फार वाईट झळ बसली, त्यांत सोलापूर जिल्हा होता. १८७२ ते १८८१ या काळात जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, यावरून काय ते समजा. त्या दुष्काळात लोकांना काम द्यायला जी मोठी कामं निघाली, त्यातलं एक म्हणजे आष्टीचा तलाव.

तेव्हाचा नियम असा, की फुकट काही द्यायचं नाही. काम करा, मजुरी घ्या. मजुरी किती असावी यावरही भांडण होतं. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं ठरवलेलं प्रमाण होतं, दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा कमी धान्य. त्यावर दिवसभर माती वाहायची. १८७७ च्या सुरुवातीला मजुरी कमी केली, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो भुकेल्या माणसांनी दुष्काळी कामं सोडली. त्याला संप म्हणा नाहीतर निषेध म्हणा. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली.

त्या अनुभवातून पुढं दुष्काळ संहिता तयार झाली. म्हणजे दुष्काळात सरकारनं काय काय करायचं, हे लिहून ठेवलं गेलं. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी "केसरी"तून हीच संहिता लोकांना समजावून सांगितली. सारा माफ होणं, काम मिळणं हा तुमचा हक्क आहे, घाबरू नका, मागा, असा त्यांचा सूर होता. सरकारच्याच कागदावरचं कलम वाचून दाखवून सरकारकडं हक्क मागायचा, ही रीत तिथून आली. आज आपण जीआर काढून तहसील कार्यालयात जातो ना, ते त्याच रीतीनं.

त्याच काळातली दुसरी देणगी म्हणजे आणेवारी. सोळा आण्यांतलं पीक किती आलं, ते गावाच्या पातळीवर ठरवायचं आणि त्यावर सारा सूट द्यायची की नाही ते बघायचं. आता तिला पैसेवारी म्हणतात. पन्नास पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. गावची पैसेवारी ५१ लागली की ४९ लागली, यावर आजही गावोगावी वाद होतात, त्याचं कारण हे.

*मोहोळनं देशाला दिलेलं बियाणं*

आता जरा अभिमानाची गोष्ट. सरकारी मदत म्हटलं की आपल्याला खात्यावरचा पैसा दिसतो. पण या तालुक्याला आणि देशाला सगळ्यात जास्त पुरलेली सरकारी मदत कुणाच्या खात्यावर जमा झाली नव्हती. ती बियाण्यातून आली.

मालदांडी. पूर्ण नाव एम ३५-१. इथल्याच स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात हे वाण तयार झालं. ज्या वर्षांत सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र उभं राहिलं, तोच हा काळ. रब्बीच्या ओलीवर, काळ्या रानात, कमी पाण्यात येणारी, भाकरीला गोड आणि कडब्याला चांगली ज्वारी. नंतर कितीतरी नवी वाणं आली, पण महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या रब्बी पट्ट्यात शेतकरी मालदांडी सोडायला तयार झाला नाही. नव्वद वर्षं होत आली.

विचार करा. या मदतीला अर्ज नव्हता, केवायसी नव्हती, सातबारा लागत नव्हता. शेजाऱ्याकडून पायलीभर बियाणं आणलं की झालं. वाट्यानं करणाऱ्यालाही तेवढीच उपयोगी आणि मालकालाही. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या जिल्ह्यात याच्याइतका स्वस्त आणि सगळ्यांना सारखा लाभ देणारा सरकारी खर्च मला तरी दुसरा सापडत नाही. आज संशोधन केंद्रांत पदं रिकामी पडली तर त्याची बातमीसुद्धा होत नाही, आणि हप्ता दोन दिवस लांबला की गाव हलतं.

*बहात्तर साल*

१९७२ चा दुष्काळ आपल्या घराघरात अजून जिवंत आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. सुकडी, रेशनवरचा लाल मिलो, खडी फोडून फोड आलेले हात, नाला बंडिंग, पाझर तलाव. बागायतदाराची सून आणि सालगडी एका रांगेत पाट्या उचलत होते. रान सगळ्यांचंच वाळलेलं होतं.

त्यातून महाराष्ट्रानं देशाला रोजगार हमी दिली. वि. स. पागे यांनी ही कल्पना लावून धरली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून त्याचा पैसा गावाच्या कामाला लावला. म्हणजे मुंबई-पुण्याच्या कारकुनानं आपल्या पाझर तलावाला हातभार लावला, हे विसरून चालणार नाही.

रोजगार हमीचं वैशिष्ट्य काय होतं? तिथं सातबारा विचारत नव्हते. भूमिहीन असो, विधवा असो, वाटेकरी असो, जो पाटी उचलेल त्याला मजुरी. जमीन नसलेल्या माणसाचं नाव सरकारी कागदावर हक्कानं चढलं ते त्या हजेरीपटावर.

मग उजनी आली. १९८० साली धरण पूर्ण झालं. डाव्या कालव्याचं पाणी तालुक्याच्या काही भागात खेळलं, पुढं सीना-भीमा जोड कालव्यानं सीनेतही उजनीचं पाणी यायला लागलं. ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. टाकळी सिकंदरला भीमा कारखाना, पुढं अनगरला, वटवट्याला कारखाने. तालुक्याचे दोन भाग पडले. पाणी असलेला आणि पाणी नसलेला. ही विभागणी पुढच्या सगळ्या मदतीच्या हिशोबात येत राहते, म्हणून लक्षात ठेवा.

*माफीचं राजकारण*

सोसायटीचं कर्ज वाढलं तशी थकबाकी वाढली. दरवर्षी मार्च आला की नवं-जुनं करायचं, व्याज भरून कर्ज पुन्हा उभं करायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पाऊस गेला की तेही जमत नाही. मग माफी.

१९९० साली केंद्रानं दहा हजार रुपयांपर्यंतचं कर्ज माफ केलं. २००८ साली मोठी कर्जमाफी आली. तिच्यात अट होती. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरापर्यंत जमीन असेल तर पूर्ण माफी. त्यावर असेल तर एकरकमी परतफेडीत पंचवीस टक्के सूट. आता ही अट आपल्या तालुक्यात लावून बघा. कालव्यावरचा चार एकर उसाचा मालक झाला लहान शेतकरी. आणि पाणी नसलेल्या गावातला आठ एकर मुरमाड रानाचा धनी झाला मोठा शेतकरी! दिल्लीत बसून एकराची रेघ मारली की असं होतं. विदर्भातूनही तेव्हा हीच ओरड झाली होती. पुढं २०१३ साली कॅगचा अहवाल आला. तपासलेल्या खात्यांपैकी २२ टक्क्यांहून जास्त खात्यांत गडबडी निघाल्या. पात्र माणसं सुटलेली, अपात्र घुसलेली.

२०१७ साली राज्याची कर्जमाफी आली, दीड लाखापर्यंत. या वेळी ऑनलाइन अर्ज. नवरा-बायको दोघांनी केंद्रावर जाऊन अंगठे द्यायचे. सर्व्हर बंद, लाईट नाही, म्हाताऱ्यांचे अंगठे उमटत नाहीत. आलेल्या अर्जांचं गावात चावडी वाचन झालं, ही त्यातली चांगली गोष्ट. २०१९ च्या अखेरीस पुढच्या सरकारनं दोन लाखांपर्यंतची माफी आणली. अर्ज नव्हता, याद्या लागल्या आणि आधार प्रमाणीकरण झालं. सोपं गेलं. वेळेवर कर्ज भरणाऱ्याला पन्नास हजारांचं प्रोत्साहन जाहीर झालं, ते प्रत्यक्षात खात्यावर यायला २०२२ उजाडलं.

नियमित भरणाऱ्याचं दुखणं खरं आहे. "आम्ही सोनं मोडून कर्ज भरलं, ते काय आमचं चुकलं?" हा प्रश्न मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकला आहे. पण यापेक्षा मोठं एक दुखणं कुणी बोलत नाही. माफी मिळते ती बँकेकडून कर्ज मिळालेल्याला. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला सोसायटी कर्ज देत नाही. तो हातउसनं घेतो, सावकाराकडून घेतो, दुकानदाराची उधारी करतो. त्याची माफी आजवर कुठल्याच यादीत आली नाही.

*थेट खात्यावर*

२०१८ च्या मे महिन्यात तेलंगणानं रयतू बंधू सुरू केली, एकरी चार हजार रुपये, दर हंगामाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ओडिशानं कालिया योजना आणली, तिच्यात भूमिहीन शेतमजूर कुटुंबांनाही धरलं. मग १ फेब्रुवारी २०१९ च्या अर्थसंकल्पात केंद्राची पीएम किसान आली. वर्षाला सहा हजार, दोन हजारांचे तीन हप्ते. आधी दोन हेक्टरची मर्यादा होती, काही महिन्यांत ती काढली. आयकर भरणारे, सरकारी नोकरदार, दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे, डॉक्टर-वकील वगैरे वगळले. तरी काही आयकरवाल्यांनी हप्ते उचलले, मग तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा आल्या. राज्याची नमो शेतकरी योजना २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि पहिला हप्ता त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पडला. आणखी सहा हजार.

आता हिशोब करू. दोन्ही मिळून वर्षाला बारा हजार. दिवसाला तेहतीस रुपये, अख्ख्या कुटुंबाला. केंद्राचे सहा हजार २०१९ पासून सहा हजारच आहेत. तेव्हाची मजुरी, डिझेल, खत आणि आजचं, तुमचं तुम्ही ताडून बघा.

तरीही मी याला भीक म्हणणार नाही. कारण ऐका. शेतीवरचा जास्त सरकारी पैसा आपल्याला दिसतच नाही. युरियाची ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीची किंमत सरकार भरतं. २०२२-२३ मध्ये देशाचं खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. पीएम किसानचा वर्षाचा खर्च साठ हजार कोटींच्या आसपास. म्हणजे खताचा खर्च त्याच्या चौपट. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून राज्यात मोफत वीज, ठिबकला अनुदान, कालव्याचं स्वस्त पाणी.

हा न दिसणारा पैसा कुणाला जास्त मिळतो? ज्याचं रान जास्त, ज्याला पाणी जास्त, जो गोण्या जास्त टाकतो, ज्याची मोटर जास्त चालते. पाणी नसलेल्या गावात ज्वारी-हरभरा करणारा युरियाच्या किती गोण्या नेतो? त्याला मोफत विजेचा काय उपयोग, विहिरीला पाणीच नसलं तर? त्याच्यासाठी दोन हजारांचा हप्ता हाच एक असा सरकारी पैसा आहे, जो ऊसवाल्याइतकाच त्याला मिळतो. म्हणून हप्त्याची टिंगल करताना थोडं थांबा. दोष पैसे देण्यात नाही. दोष तो किती आहे आणि कुणाला मिळत नाही, यात आहे.

आणि हो, दुसऱ्या हातानं काढून घेण्याचं जे म्हणतात, त्यातही तथ्य आहे. कीटकनाशकावर अठरा टक्के जीएसटी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेला आणि हमाली, तोलाई, भाडं वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक आला. देशभर बातमी झाली. सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, त्यालाही सातबाऱ्यावर कांद्याच्या नोंदीची अट आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दर सुधारायला लागताच कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी झाली. एका निर्यातबंदीत क्विंटलमागं जे जातं, ते किती हप्त्यांनी भरून निघणार?

*नाव नसलेली माणसं*

आता मूळ मुद्द्यावर येतो.

पीएम किसानसाठी जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर हवी. वारसानं आलेली सोडली तर त्यानंतर घेतलेली जमीन चालत नाही. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, एकच हप्ता. आणि खंडानं, वाट्यानं करणाऱ्याला काहीच नाही.

आपल्या तालुक्यात वाटेकरी किती आहेत, हे प्रत्येकाला आपापल्या गावाचं माहिती आहे. पोरं पुण्याला नोकरीला, रान वाट्यानं दिलेलं. घाम वाटेकऱ्याचा, निम्मा खर्च वाटेकऱ्याचा, हप्ता मालकाच्या पुण्यातल्या खात्यावर. मग वाट्याचा कागद का करत नाहीत? इथंही इतिहास आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं मालक ठरलं. फार मोठं काम झालं, हजारो घरं त्यातून उभी राहिली. पण मालकांच्या मनात जी भीती बसली ती आजही गेली नाही. कागदावर दुसऱ्याचं नाव आलं की जमीन गेली! म्हणून सगळा व्यवहार तोंडी. तोंडी वाटेकऱ्याला ना पीककर्ज, ना हप्ता, ना नुकसानभरपाई. पीकविम्यात खंडकऱ्याला भाग घेता येतो, पण करार नोंदवलेला लागतो, आणि तोच कुणी करून देत नाही.

दुसरं नाव बाईचं. खुरपण, वेचणी, काढणी, धारा काढणं सगळं तिच्याकडं. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती चालवली होती, की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा. सरकारनंही मग त्याला सोय करून दिली. तीस-पस्तीस वर्षं झाली. आपल्या गावात किती सातबाऱ्यांवर सुनेचं नाव आहे, मोजून बघा. नवरा गेला, वारस नोंद लांबली, भावकीचा वाद लागला की पहिला बंद पडतो तो तिचा हप्ता.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला तेव्हा हे सगळं उघडं पडलं. नदीकाठचं रान पाण्याखाली. नुसतं पीक नाही, माती वाहून गेली, मोटरी, पाइप, जनावरं गेली. राज्यानं ऑक्टोबरमध्ये पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००, तीन हेक्टरपर्यंत. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,०००. कोरडवाहूचं एकरात मांडलं तर ७,४०० रुपये. पंचनामा शेताचा, पैसा सातबाऱ्यावरच्या खात्याला. वाट्यानं केलेल्या रानात बियाणं-खताचा निम्मा खर्च वाटेकऱ्याचा बुडाला, आणि भरपाईतलं त्याला किती द्यायचं हे मालकाच्या मनावर. काही मालकांनी प्रामाणिकपणे निम्मे दिले, त्यांना नमस्कार. पण हक्काची गोष्ट कुणाच्या मनावर का असावी?

१८७७ साली आष्टीच्या तलावावर माती वाहणाऱ्याला सातबारा विचारला नव्हता. १९७२ ला विचारला नव्हता. आज २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तोही जमिनीच्या नोंदीवरच उभा आहे. यंत्रणा हुशार झाली, पण तिला शेत कसणारा दिसत नाही, शेताचा मालक दिसतो.

*आपल्या हातात काय आहे*

अमेरिकेत कुठल्या काउंटीत कुणाला किती शेती अनुदान मिळालं, याच्या याद्या लोक उघड वाचू शकतात. त्यातूनच तिथं कळलं, की मोठा वाटा मोठ्या शेतांना जातो. आपल्याकडंही पीएम किसानच्या गाववार याद्या संकेतस्थळावर बघता येतात. पण आपण आपलं नाव बघतो आणि बंद करतो.

मला तीन गोष्टी सुचतात.

एक. वर्षातून एकदा ग्रामसभेत हप्ता, भरपाई आणि पीकविमा, तिन्हीच्या याद्यांचं चावडी वाचन व्हावं. सुटलेला कोण, घुसलेला कोण, गावाला तोंडपाठ असतं. २०१७ ला जमलं, आता का नाही?

दोन. वाट्याचा साधा, एका हंगामाचा कागद. जमिनीवर हक्क लागणार नाही आणि भरपाईत वाटा मिळेल, असा. यासाठी कायद्यात मालकाला निर्धास्त करणारी तरतूद हवी. मत मागायला येईल त्याला हा प्रश्न विचारा. हप्ता किती वाढवणार हे तर विचाराच, पण हप्ता कुणाला देणार हेही विचारा.

तीन. घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर. याला ना आमदार लागतो ना मंत्री. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं अर्ज लागतो आणि आपली दानत लागते.

तगाईपासून हप्त्यापर्यंत सरकारं बदलली, राज्यकर्त्यांची भाषा बदलली. पण दर वेळी मदत वाढली ती कुणी खुश होऊन दिली म्हणून नाही. दुष्काळी कामावर उपाशीपोटी काम बंद करणाऱ्यांनी, संहिता वाचून दाखवणाऱ्यांनी, पाटी उचलून हजेरी मागणाऱ्यांनी ती वाढवून घेतली. आता पुढचं मागणं त्यांच्यासाठी करायचं आहे, ज्यांचं नाव अजून कुठल्याच यादीत नाही. ती माणसं लांबची नाहीत. आपल्याच रानात आत्ता पाणी धरत असतील.

तुमच्या गावात वाट्याच्या रानाची पुराची भरपाई कशी वाटली गेली? बहात्तरच्या कामाच्या, तगाईच्या आठवणी घरात कुणी सांगतं का? खाली जरूर लिहा. नावं नका लिहू, गावाचं नाव आणि काय घडलं तेवढं पुरे.